तुमसरचं मीठ

शेवंताबाईंसाठी मी मीठ आणलं, ते भाऊरावच्या दुकानातून. चूक एवढीच. ऐकणाऱ्याला वाटेल, यात काय एवढं? मलाही तेच वाटलं होतं, म्हणून तर आणलं.

पण हे आधी सांगून टाकलं म्हणजे पुढे मी कितीही शहाणपणाचा आव आणला तरी वाचणाऱ्यानं फसू नये.

गोंदिया वेगळा झाला त्या सुमाराची गोष्ट. एका जिल्ह्याचे दोन झाले आणि आम्ही मास्तर लोक मधल्या फटीत सापडलो. कोण इकडे राहणार, कोण तिकडे जाणार, यावर महिनोन्महिने चर्चा. माझं गाव शहापूर, हमरस्त्यावरचं, भंडाऱ्याच्या हाकेवर. मी छातीठोकपणे सगळ्यांना सांगत होतो की मला घराजवळचीच शाळा मिळणार, कारण माझी ओळख आहे. ओळखीच्या साहेबांनी ओळख ठेवली आणि मला आंबागडच्या किल्ल्याखाली, जंगलाच्या कडेला असलेल्या एका गावी पाठवलं. जिल्हा तोच राहिला, हे मात्र खरं.

त्या गावात खोली मिळाली ती शेवंताबाईंकडे. शेवंताबाई गावच्या अंगणवाडीच्या बाई. नवरा वारलेला, मंदा नावाची एक मुलगी, थोडं धानाचं वावर, आणि आता मी. खोली अन् दोन्ही वेळचं जेवण असा आमचा ठराव. ठराव करताना त्यांनी मला आत नेऊन स्वयंपाकघरातली एक फळी दाखवली. फळीवर ओळीनं डबे. दुधाच्या पावडरीचे, बिस्किटाचे, एक तर कुठल्या तरी रंगाचा, खरवडून चकचकीत केलेला.

"हे पाहून घ्या," त्या म्हणाल्या. "मंग म्हनसान, सांगतलं नाई."

महिन्याचं मानधन, धानाचे पैसे, माझं भाडं, जे काही हाती येई ते त्या दिवशीच त्या डब्यांत वाटलं जाई. तेलाचा डबा, चहा-साखरेचा, विजेचा, मंदाच्या शाळेचा, भाजीचा, औषधाचा, वर्गणीचा, पाहुण्याचा. डबा रिकामा झाला की शेवंताबाई तो उलटा करून फळीवर ठेवत. पालथा डबा म्हणजे ती गोष्ट पुढच्या महिन्यापर्यंत या जगात अस्तित्वात नाही. शेजारचा डबा गच्च भरलेला असला तरी त्यातून या डब्यात काही यायचं नाही.

"डब्यानं डब्याले उसनं देऊ नये," हे त्यांचं पहिलं वाक्य. दुसरं, "गरजेले इचारू नका, डब्याले इचारा. गरज खोटं बोलते."

पहिल्याच महिन्याच्या शेवटी मी सवयीनं म्हणालो, "बाई, चहा."

"डबा पालथा हाय."

"मी पैसे देतो ना वरचे."

"कायचे म्हनून देता? भाडेकरू म्हनून का पाहुणे म्हनून? भाड्याचे आले हायत. पाहुण्यानं पैसे देऊ नये." आणि त्यांनी मला तांदळाची पेज दिली, वरून जिऱ्याची फोडणी. ती चांगली होती, पण मी रागानं चांगली म्हणालो नाही.

त्यांची काटकसर ही अशी डोळे वटारून केलेली होती. अख्खा तांदूळ विकायचा आणि कण्या घरी खायच्या. गिरणीवाला कोंडा ठेवून घ्यायला पाहायचा, तर त्या तिथंच पोतं पसरून बसायच्या. एका काडीनं चूल पेटायची आणि चुलीवरून दिवा. साबणाची उरलेली चिपटी नव्या वडीच्या पाठीवर बसायची, त्यामुळे त्या घरात साबण कधी संपला असं मी पाहिलं नाही. साबणाचा नुसता वंश चालू होता. माझ्या खोलीतल्या दिव्याचं बटण त्यांच्या खोलीत होतं, यावरून काय ते समजून घ्या.

पण महिन्याच्या शेवटी एखाद्या डब्यात उरलंच तर? ते पुढच्या महिन्यात जायचं नाही. त्या दिवशी त्या डब्याचा सण. तेलाच्या डब्यात उरलं की भजी, आणि भजी म्हणजे किती, तर मंदा आणि मी जमिनीवर हात टेकून उठेपर्यंत. विजेच्या डब्यात उरलं तेव्हा त्यांनी दोन्ही खोल्यांचे दिवे लावून आम्हाला नुसतं बसवून ठेवलं होतं. "पाहून घ्या," म्हणाल्या, "आपलाच उजेड हाय."

हे सगळं कशासाठी, हे मला कळलं ते लाखोरीची डाळ निवडता निवडता. निवडत त्या होत्या. मी खडे समजून डाळ फेकत होतो.

भाऊराव हे शेवंताबाईंचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. समोरच्याच घरात त्यांचं किराणा दुकान. गावात दुकान ते एकच. नवरा गेला तेव्हा तेरवीच्या पंगतीत, सगळं गाव जेवायला बसलेलं असताना भाऊराव मोठ्यानं म्हणाले होते, "आता या बाईचं कसं? कण्या खाऊन दिवस काढन अन् मीठ-मिरची माह्या दुकानातून उधार नेईन. मले का, मी लिहून ठेवत जाईन."

लोक हसले. जेवणाऱ्यांना यजमानाच्या विनोदावर हसावंच लागतं.

आता आमच्याकडे सुनेनं भासऱ्याशी तोंडाला तोंड देऊन बोलायचं नाही, असा जुना रिवाज. पदर घ्यायचा, नाव घ्यायचं नाही, सांगायचं ते तिसऱ्याला सांगायचं. शेवंताबाई छपरीतल्या खांबाजवळ उभ्या होत्या. त्यांनी पदर पुढे ओढला आणि खांबाला म्हणाल्या, "खांबा, मंदीच्या मोठ्या बाबाले सांग. ज्या कण्या मी खाईन, त्याच कण्या तुमी एक दिवस माह्या घरी बसून खासान. अन् दुसऱ्यांदा मागसान. तोवर तुमच्या दुकानाचं मीठबी माह्या चुलीवर चढनार नाई."

त्या दिवसापासून त्या घरात आगपेटीसुद्धा तुमसरच्या बाजारातून यायची. दुकान समोर, दहा पावलांवर. दुकानावरूनच बसला जायचं, तुमसरला उतरायचं, पिशवी भरायची, बसनं परतायचं आणि पिशवी जरा उंच धरून पुन्हा दुकानावरूनच घरी. बसभाड्यासाठी एक वेगळा डबा होता. तो डबा मी कधी पालथा पाहिला नाही. मी एकदा म्हणालो, "बाई, बसभाडं धरलं तर तुम्हाला मीठ महाग पडतं."

"पडू द्या," त्या म्हणाल्या. "त्यात दोन गोष्टी येतेत. मीठ येते, अन् समोरचे पाहून राहिले असतेत, ते येते."

गावात तो न बोलण्याचा रिवाज आता पातळ झाला होता. सुना भासऱ्याशी बिनधास्त बोलत. शेवंताबाईंनी मात्र तो मुद्दाम घट्ट धरला होता, कारण न बोलून जितकं बोलता येतं तितकं बोलून येत नाही. पूर्वी त्या खांबाला सांगायच्या. मी राहायला आल्यावर खांबाची ती जागा मला मिळाली. माझी खरी नेमणूक शाळेतली नव्हे, हीच.

दोघं आपापल्या छपरीत आणि मी मध्ये गल्लीत.

"गुरुजी, सांगा त्यायले, त्यायची बकरी आमच्या वालाच्या वेलाले तोंड लावून राहिली. पुढच्या खेपेले बकरी दिसनार नाई, नुसता वास येईन."

मी वळून म्हणायचो, "शेठ, बाई म्हणतात बकरी जरा बांधून ठेवता का."

"अस्सं म्हनली का थे?" भाऊराव म्हणायचे. त्यांनी सगळं ऐकलेलं असायचं. "गुरुजी, तुमी पोरायले असंच शिकवता का? पुस्तकात एक, तोंडात एक?"

मंदा दारात बसून हसायची. ती तेव्हा चौथीत, माझ्याच वर्गात.

तर मीठ.

उन्हाळा होता. कैऱ्या उतरल्या होत्या. वर्षभराचं लोणचं घालायचं म्हणून लोणच्याच्या डब्यातून मोजके पैसे आणि पिशवी माझ्याकडे देऊन बाईंनी मला तुमसरला धाडलं, कारण माझं तिथं पगाराचं काम होतं. मोहरी, हळद, मेथी, तेल, खडे मीठ. "मीठ पहिले घेजा," त्या म्हणाल्या होत्या. "तुमी इसरता."

मी कधी विसरत नाही, असं मी म्हणालो. मग पगाराचं काम झालं नाही म्हणून मन रमवायला आलूबोंडा रस्सा खाल्ला, त्यावर आणखी एक खाल्ला, समोर गाडी लागली, धावलो. गावात उतरल्यावर पिशवी हलकी वाटली. समोर भाऊरावचं दुकान. दुकानाच्या तोंडाशीच मिठाचं पोतं, उघडं, पांढरंशुभ्र.

मी विचार केला. हा माझा स्वभावदोष आहे. मी विचार केला की मीठ म्हणजे मीठ. समुद्र काही तुमसरला नाही. आणि बाईंना कळणार कसं? मिठाला काही बोलता येत नाही.

"का जी गुरुजी?" भाऊराव म्हणाले. "आज इकडून कुठून?"

"खडे मीठ द्या. दात दुखतो. गुळण्या करायच्या आहेत."

"किती?"

मी सांगितलं. भाऊरावांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"लय दात हायत जी तुमाले," ते म्हणाले आणि तोलायला लागले.

त्यांनी कागदात बांधून लाल दोरा गुंडाळला. मी घराच्या कोपऱ्याशी कागद अन् दोरा नालीत टाकला, मीठ पिशवीत ओतलं आणि आत जाऊन म्हणालो, "घ्या. म्हणे मी विसरतो." इतकं बोलायची गरज नव्हती. पण चूक करून गप्प बसणं मला कधी जमलं नाही.

भाऊराव मात्र गप्प बसले. हे लक्षात घ्या. त्यांनी गावात ब्र काढला नाही. आपल्या छपरीत बाजेवर बसून ते पाहत राहिले. कैऱ्या फोडल्या, पाहिलं. फोडींना हळद-मीठ चोळून उन्हात ठेवलं, पाहिलं. मसाला कालवला, तेल कोमट करून ओतलं, चिनीमातीची मोठी बरणी काठोकाठ भरली, तोंडाला पांढरा दादरा बांधला. दादऱ्याची शेवटची गाठ बसली तसे ते उठले, गल्लीत आले आणि मला हाक मारली.

"गुरुजी, एक निरोप सांगजा शेवंतेले. म्हना, भासरा इचारून राहिला, मीठ मुरलं का?"

मी वळलो. बाई बरणीजवळ बसल्या होत्या.

"बाई," मी म्हणालो, "ते म्हणतात, यंदा ऊन चांगलं आहे."

पण रिवाज बोलायची मनाई करतो, ऐकायची नाही.

त्यांनी बसल्या जागेवरून माझ्याकडे नुसतं पाहिलं, आणि माझा चेहरा, जो आयुष्यात कधी माझ्या बाजूनं उभा राहिला नाही, त्यानं सगळं सांगून टाकलं. तोवर भाऊराव मोठमोठ्यानं गावाला सांगत सुटले होते. विहिरीवर, पारावर, गिरणीत. शेवंताच्या घरी माह्या दुकानाचं मीठ शिरलं जी, बरणी भरून शिरलं.

बाईंनी आधी चुलीवरची डाळ आठवली. "डाळीत जुनं मीठ व्हतं," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग फळीकडे पाहिलं. लोणच्याचा डबा पालथा. म्हणजे दुसरं लोणचं आता पुढच्या उन्हाळ्यात.

"फेकून देऊ?" मी म्हणालो. "मी नेऊन टाकतो लांब."

"अन्न फेकता? तुमच्या बापाचं हाय?"

"मग?"

त्या बराच वेळ बरणीकडे पाहत बसल्या. मी त्या बाईला तेरवीची गोष्ट सांगताना पाहिलं होतं, तेव्हाही तोंड असं झालं नव्हतं. फेकलं तर घर बुडतं आणि खाल्लं तर शब्द. मग हळूच त्यांची नजर बरणीवरून माझ्यावर आली आणि तिथंच थांबली.

"गुरुजी, तुमी या घरचे नाई. भाडेकरू. तुमच्या तोंडाले माही शपथ लागत नाई."

"म्हणजे?"

"मंदे, गुरुजीचं ताट घे."

त्या दिवसापासून एक वर्ष मी ती बरणी खाल्ली. एकट्यानं. सकाळी कण्या अन् लोणचं, संध्याकाळी भाकर अन् लोणचं, शाळेच्या डब्यात पोळी अन् लोणचं. माझ्या ताटात भाजी येईनाशी झाली. कारण ताटात तोंडी लावायला एक असताना दुसरं कशाला? भाजीच्या डब्यात दर महिन्याला उरू लागलं आणि दर महिन्याला भाजीचा सण होऊ लागला. वांगी, पातोडीचा रस्सा, अंबाडी. मंदा आणि तिची आई समोर बसून जेवत आणि मी माझ्या बरणीतली फोड चोखत त्यांच्याकडे पाहत असे. पाहुणा म्हणून मागावं, तर मी पाहुणा नव्हतो. खोली सोडावी, तर गावात दुसरी रिकामी खोली भाऊरावांचीच होती.

चवीला लोणचं उत्तम होतं. हीच तर शिक्षा होती. तक्रारीलाही जागा नाही.

शाळेतली पोरं मला लोणचेगुरुजी म्हणू लागली. मंदानं सुरू केलं होतं, हे मला माहीत आहे.

मग मीही ठरवलं. सूड काय त्यांनाच घेता येतो? या बाईचे डबे एकदा तरी मोडायचे. सगळे पालथे करायचे, एका दिवशी, आणि तिला डब्यातून डब्यात हात घालताना बघायचं.

दिवाळी झाली की आमच्याकडे मंडई भरते. गावोगाव, एकेक दिवस एकेका गावची. दुपारी दंडार म्हणजे ढोलावरचा नाचगाण्याचा खेळ, बाजार, पाळणे, आणि घरोघर पाहुणे. मंडईच्या पाहुण्याला नाही म्हणता येत नाही. आला तो जेवून जाणार. शेवंताबाई पाहुण्याच्या डब्यात वर्षभर थेंब थेंब टाकत, ते या एका दिवसासाठी. माणसं मोजलेली असत. आणि त्यांत दरवर्षी एक पान जास्तीचं. ते भासऱ्याचं. निमंत्रण रीतसर जाई, खांबातर्फे. मी जाऊन म्हणायचो, "शेठ, बाईंनी जेवायला बोलावलंय." भाऊराव म्हणायचे, "कण्या खायले? माह्या घरी पाहुण्याले पुलाव असते, म्हना." मी परत येऊन सांगायचो, "त्यांना बरं नाही." बाई म्हणायच्या, "पुलाव हाय का यंदाबी?"

त्या मंडईला मी शहापूरला निरोप धाडला. आत्या, मामा, दोन मावश्या, त्यांची पोरंबाळं, शेजारी, शेजाऱ्यांचे पाहुणे. या म्हटलं, सगळे या, माझ्या घरमालकीण बाई फार मोठ्या मनाच्या आहेत. एक मेटॅडोर भरून लोक उतरले. उतरतच राहिले. मी छपरीत उभा राहून शेवंताबाईंचा चेहरा बघत होतो.

त्यांनी पदर खोचला. "या जी, या," म्हणाल्या. "मंदे, पाणी दे." आत गेल्या, कण्याचा मोठा गंज चुलीवर चढवला, लाखोरीची डाळ पातळ केली आणि प्रत्येकाच्या ताटात माझ्या बरणीतली एकेक फोड वाढली. बरोबर एकेक.

"अय्या, लोणचं काय झालंय हो!" माझी आत्या म्हणाली. "आणखी वाढा ना."

"नाई जी," शेवंताबाई म्हणाल्या. "बाकीचं तुमच्या भाच्याचं हाय. त्यायच्या तोंडचं कसं काढू?"

सगळ्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू मी या गरीब विधवेचं वर्षाचं लोणचं एकटा हादडत होतो. म्हणजे हादडत होतोच. पण तसं नव्हे.

आणि जाताना काय झालं? जाताना पाहुणे घरच्या लेकराच्या हातावर पैसे ठेवतात. हा रिवाज मी हिशेबात धरलाच नव्हता. आत्यानं ठेवले, मामानं ठेवले, मावश्यांनी ठेवले, शेजाऱ्यांनी ठेवले, शेजाऱ्यांच्या पाहुण्यांनी लाजेखातर ठेवले. मंदाची मूठ मिटेना. संध्याकाळी पाहुण्याचा डबा इतका भरला की झाकण बसत नव्हतं.

मेटॅडोरमध्ये चढता चढता आत्या शेवंताबाईंचा हात धरून म्हणाली, "बाई, हा आमचा पोरगा खादाड आहे. याचं भाडं वाढवा."

पुढच्या महिन्यापासून भाडं वाढलं. "मोठ्या मानसाचा शब्द कसा मोडू?" बाई म्हणाल्या.

बरणी संपली, पुढचा उन्हाळा आला, तुमसरचं मीठ आलं. मी आणायला गेलो नाही. मला पुन्हा कधी पाठवलं नाही. दोन-तीन वर्षांनी माझी बदली झाली आणि मी शहापूरजवळ आलो. त्याच ओळखीच्या साहेबांमुळे, असं मी सगळ्यांना सांगतो.

मधे बरीच वर्षं गेली. मंदा शिकून नागपूरला नोकरीला लागली. आईला ये म्हणाली, तर आई म्हणाली, "अजून एक पान वाढाचं हाय." मी अधूनमधून मंडईला जायचो. जायचो तेव्हा हातात पिशवी नेत नसे.

शेवटचा गेलो तेव्हा शेवंताबाईंच्या केसांत काळं शोधावं लागत होतं. फळी तीच, डबे तेच, गंजलेले. भाऊरावांची बायको वारली होती. मुलं नागपूरला. तुमसरला मोठमोठी दुकानं झाली, पोरं मोटारसायकलवर जाऊन सामान आणू लागली. म्हणजे सगळं गावच शेवंताबाईंसारखं वागू लागलं, फक्त कुणाला शपथ नव्हती. दुकानात दोन बरण्या गोळ्या आणि तोंडाशी ते मिठाचं पोतं, ओलावून दगड झालेलं.

"जा जी, खांब," बाई मला म्हणाल्या. "निमंत्रण देऊन या."

"बाई, आता म्हातारा झाला तो. यंदा तरी पुलाव करा."

"कण्याच. अन् मीठ नाई टाकलं मी त्यात."

"का?"

"तुमी जा."

भाऊराव बाजेवर बसले होते. मी नेहमीचं वाक्य म्हणालो. नेहमीचं उत्तर आलं नाही. ते तोंड चाळवत राहिले. आत दात नव्हते.

"कण्याच हायत ना?" त्यांनी विचारलं. "मऊ असन का?"

मग ते माझा खांदा धरून उठले आणि गल्ली ओलांडली. दहा पावलांना त्यांनी दोनदा दम खाल्ला.

छपरीत पाट मांडला होता. समोर ताट. बाई आत, दाराआड, पदर पुढे. बाहेर दंडारीचा ढोल वाजत होता. भाऊरावांनी पहिला घास घेतला, तोंडात फिरवला आणि थांबले. माझ्याकडे पाहिलं.

"मीठ मागा जी."

"बाई, मीठ," मी म्हणालो.

"खांबाले मीठ कायले पायजे?" आतून आवाज आला. "ज्याच्या जिभेले पायजे, त्यानं मागावं."

भाऊराव ताटाकडे पाहत बसले. मला वाटलं, उठतात. उठायला ते पुरेसे हट्टी होते. पण पोट हट्टी नव्हतं. कण्यांतून वाफ निघत होती.

"शेवंता," ते म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्याशी, मधे कुणी नाही. "मीठ दे."

त्या बाहेर आल्या. चिमूटभर मीठ ताटाच्या कडेला ठेवलं.

"तुमसरचं हाय," म्हणाल्या.

म्हातारा जेवला. बोटं चाटली. ताट रिकामं झालं तसं ते दोन बोटांनी पुढं सरकवलं.

"अजून."

शेवंताबाईंची पळी हवेत थांबली. "का म्हनलं? ढोलात ऐकू नाई आलं."

"अजून वाढ, बाई."

त्यांनी वाढलं. ताट भरून, कडेवरून सांडेपर्यंत वाढलं. मग आत गेल्या, फळीवरचा पाहुण्याचा डबा काढला, दाराशी आणून दोन्हीकडून दिसेल असा उलटा केला आणि परत फळीवर ठेवला, जरा आवाज होईल असा. मी त्यांच्या डोळ्यांत पाणी शोधलं. नीट शोधलं. नव्हतं. बाजारात तराजूचा काटा बरोबर मधे येऊन थांबला की त्यांचं तोंड जसं व्हायचं, तसं होतं.

डोळे माझेच भरून आले होते. मी बाहीनं पुसत होतो.

"शेवंता," भाऊराव तोंडात घास धरून म्हणाले, "लोनचं नाई का?"

"एक बरनी व्हती तुमच्या दुकानाच्या मिठाची. ह्या गुरुजीनं एकट्यानं खाल्ली."

"सारी?"

"सारी. वर्षभर."

भाऊरावांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, अगदी त्या दिवशी दात पाहिले होते तसं.

"येडा हाय का हा मास्तर?"

"पहिल्यापासून," शेवंताबाई म्हणाल्या.